दोन तोंडांचं घड्याळ

आमच्या दुकानाच्या १९८४ सालच्या वहीत, श्रावणातल्या एका पानावर, बाबांच्या तिरक्या अक्षरात नोंद आहे : 'घड्याळ, दोन तोंडांचं, नारिंगी. डी. के. ५२. बंद. सेल २.' पुढे गिऱ्हाइकाचं नाव, विष्णुनगरचा पत्ता, परत द्यायची तारीख. शेवटच्या रकान्यात वस्तू नेताना गिऱ्हाईक सही करतं. या ओळीसमोरचा तो रकाना अजून कोरा आहे.

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरून घंटाळीकडे वळलं की एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान लागतं. जागा सहा फूट बाय आठ. बाबांनी ते १९६८ साली थाटलं. २०११ साली ते गेले, तेव्हापासून मी एकटी बसते. दुकानाचं खरं भांडवल म्हणजे या वह्या. कोणतं घड्याळ, काय बिघडलं, काय घातलं, किती घेतले, सगळं तारखेनिशी. सुरुवातीच्या वह्यांत एचएमटीचं जनता, फेवर-लुबा, वेस्ट एंड. केशकमान गुंतली, बॅलन्सचा दांडा मोडला, चावी नुसतीच फिरते. मग हळूहळू 'सेल' हा शब्द डोकावू लागतो आणि १९८० नंतर पानंच्या पानं त्यानेच भरतात. त्या पानांत मधूनच घड्याळ नसलेल्या वस्तूही दिसतात. कॅल्क्युलेटर, गाणारं शुभेच्छापत्र, आणि हे दोन तोंडांचं प्रकरण.

नौपाड्यातल्या मुलांच्या हातातल्या गेमचा इतिहास लिहायचा तर माझ्याकडे या वह्यांशिवाय दुसरं साधन नाही. या वस्तू इथल्या दुकानांच्या काचेआड कधी मांडल्या गेल्या नाहीत. त्या काळी आयातीवर परवान्यांची बंधनं होती आणि सीमाशुल्क पांढरपेशा घराला झेपणारं नव्हतं. वस्तू यायच्या त्या मस्कत, दुबई, कुवेतला नोकरीला गेलेल्या काका-मामांच्या बॅगेतून. टू-इन-वन, नायलॉनची साडी आणि अत्तराची बाटली यांच्या मधल्या फटीत कोंबून. नाहीतर मुंबईत मनीष मार्केटला हिंडून, घासाघीस करून. पावती नाही, हमीपत्र नाही. बिघडली की न्यायची कुठे? तिच्यात बटनसेल लागतात, बटनसेल घड्याळवाल्याकडे मिळतात, म्हणून ती घड्याळवाल्याकडे यायची. आमच्या दुकानात व्हिडिओ गेम शिरला तो असा, सेलाचं बोट धरून.

आणि खरं सांगायचं तर नावातच घड्याळ होतं. क्योतोच्या निन्तेंदो कंपनीने १९८० साली 'गेम अँड वॉच' नावाची मालिका काढली. ही कंपनी मुळात १८८९ साली पत्ते बनवायला निघालेली. तिथे गुनपेई योकोई नावाचा माणूस १९६५ साली लागला, आणि त्याचं पहिलं काम होतं पत्ते बनवायच्या यंत्रांची देखभाल. दुरुस्तीवाला माणूस, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्याने एक कंटाळलेला नोकरदार पाहिला. तो आपल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत वेळ घालवत होता. त्यावरून योकोईला खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या चढाओढीत छोट्या काचा आणि चिपा तोवर स्वस्त झाल्या होत्या. त्या शार्प कंपनीकडून घेतल्या आणि खेळाला जुंपल्या. नवं महागडं तंत्र शोधत बसायचं नाही. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला भलतंच काम द्यायचं, ही त्याची रीत. खेळत नसाल तेव्हा डबी वेळ दाखवायची, गजर लावायची. या मालिकेचे जगभर मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८२ साली या डब्यांना दुसरा पडदा आला. २८ मे रोजी 'ऑइल पॅनिक', ३ जूनला 'डाँकी काँग'. डी. के. ५२ हा या दुसऱ्याचा क्रमांक. नारिंगी, पावडरच्या डबीसारखी मिटणारी, उघडली की वर एक काच आणि खाली एक काच, मधे बिजागरी.

बाबांनी ती उघडली तेव्हा मी आणि धाकटा भाऊ दोघंही समोर स्टुलावर होतो. मी दहा वर्षांची. बाबांनी डोळ्याला भिंग चढवलं, पाठीचे स्क्रू काढून झाकणीत ठेवले. सेल गळून पत्र्याला हिरवा कार्बन धरला होता. आत ना चक्र, ना कमान. एक पाटी, तिच्यावर चपटी चिप आणि कडेला तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी चंदेरी नळी. तिच्यावर चिमट्याचं टोक टेकवून बाबा म्हणाले, "हा तर आपला क्वार्ट्झ."

ती नळी मी तेव्हापासून हजारदा हाताळली असेल. आत गारेच्या स्फटिकाचा इवलासा चिमटा असतो. वीज लागली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात हाच हिशेब असतो. डी. के. ५२ मध्येही नळी तीच, कंपनं तितकीच. वरून गडगडत येणारं पिंप एक घर पुढे सरकतं ते या थरथरीवर, आणि वेळेचा आकडा बदलतो तोही तिच्यावरच. खेळाला वेगळं हृदय नव्हतं. भावाने विचारलं, "बाबा, हा गेम आहे की घड्याळ?" बाबा पत्रा पांढऱ्या पेट्रोलने पुसत म्हणाले, "वेळ दाखवतं ना? मग घड्याळच."

दहा मिनिटांचं काम होतं. तारीख उलटली, गणपती आले, गेले, गिऱ्हाईक आलं नाही. बाबांनी पोस्टकार्ड टाकलं, ते 'मालक राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. विष्णुनगरचा तो वाडा पाडायला घेतला होता आणि माणसं डोंबिवलीकडे कुठेतरी गेली होती. पावतीवर छापलेलं असतं की तीन महिन्यांत वस्तू न नेल्यास जबाबदारी नाही. बाबांनी ते कलम एकदाही वापरलं नाही. "लोकांची वस्तू आहे, चालू राहिली पाहिजे," एवढंच म्हणायचे. सेल संपला की आपल्या पदरचा नवा घालायचे, वेळ लावायचे आणि डबी खणात ठेवून द्यायचे.

चालू आहे की नाही, हे तपासायचं काम मात्र रविवारी आम्हाला मिळे.

त्या काचेला आतून उजेड नसतो. म्हणून आम्ही गॅलरीत बसायचो, सकाळचं ऊन तिरकं येतं तिथे. खालच्या काचेवर मारिओ लोखंडी तुळयांवरून चढतो, पिंपं चुकवतो. वरच्या काचेवर माकड उभं. मारिओ वरच्या काचेवर पोचला की यारीचा दांडा ओढायचा, नेमक्या क्षणी हुकाकडे उडी मारायची, एक आकडा सुटतो. चार सुटले की माकड धाडकन खाली. तीनदा चुकलं की खेळ खलास, ९९९ गुण झाले की पुन्हा शून्य. डाव्या अंगठ्याखाली अधिकाच्या चिन्हासारखं एक बटण होतं. आज प्रत्येक गेमच्या रिमोटवर आपण ओळखतो ते हे बटण त्या नारिंगी डबीपासून सुरू झालं.

मला कोडं पडायचं ते मधल्या बिजागरीचं. पिंप वरच्या काचेवरून नाहीसं व्हायचं आणि खालच्या काचेवर उगवायचं. त्या दोहोंमध्ये ते कुठे असायचं? डोळा खाली मारिओवर ठेवला तर वर काय सुटलंय ते कळत नाही. वर ठेवला तर खाली टक्कर होते. खेळ जिंकायचा तर मधल्या आंधळ्या जागेतलं पिंप मनात मोजावं लागे. एक, दोन, आता. भाऊ मोजायचा, मी बटण दाबायचे. चान्स बदलला की उलट. 'ऑइल पॅनिक'ची मांडणी याहून कठोर होती, ती मी पुढे फार वर्षांनी पाहिली : वरच्या काचेवर गळक्या नळाचे थेंब बादलीत झेलायचे, तीन मावतात, आणि मग खिडकीतून खाली ओतायचे, पण खाली पिंप घेऊन फिरणारा माणूस त्याच बाजूला आला असेल तरच. नाहीतर तेल खालच्या लोकांच्या अंगावर. एक नजर वर, एक नजर खाली, आणि दोघांचं गणित जुळवायचं. हे एका मोठ्या पडद्यावर केलं असतं तर खेळ सोपा झाला असता आणि बेचवही. ती फट खेळाचाच भाग होती.

डबीच्या पाठीला एसीएल असं लिहिलेलं खोल बटण असतं, टाचणीने दाबायचं. सेल बदलल्यावर ते दाबलं की क्षणभर काचेवरची सगळी चित्रं एकदम उमटतात. मारिओ जिथे जिथे असू शकतो त्या सगळ्या जागी मारिओ, सगळी पिंपं, माकडाचे सगळे हात. कारण या काचेवर ठिपक्यांनी चित्र बनत नाही. प्रत्येक हालचालीची आकृती आधीच काचेत बसवलेली असते, चिप फक्त एकेक जागी करते. बाबा घड्याळाची मूव्हमेंट उलगडून चक्रं पांढऱ्या कागदावर मांडायचे तेव्हा मला असंच दिसायचं, सगळं एकदम समोर आणि काहीच चालू नाही.

नव्वदच्या दशकातली पानं मी भरभर उलटते. टायटनची घड्याळं १९८७ पासून बाजारात आली, चावीचं घड्याळ आजोबांच्या मनगटावर उरलं, आणि बाबांची कमाई निम्मी सेल-पट्ट्यांवर आली. मुलांचे खेळ टीव्हीला जोडले गेले. जपानी फॅमिकॉमच्या नकला, लिटल मास्टर आणि तिच्या बहिणी, पिवळ्या-निळ्या कॅसेटी, काँट्रा, मारिओ, टँक. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची, हे ज्ञान घरोघरी होतं. स्टेशनकडच्या गेमच्या दुकानात रुपया टाकून 'मुस्तफा' खेळायची पोरं. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण त्यातल्या एका गड्याचं नाव साऱ्या खेळाला चिकटलं. आमच्याकडे यातलं फारसं येत नसे. यायचे ते हातातले विटा रचायचे गेम, पाठीवर '९९९९ इन १' असं छापलेले, तेही पेन्सिलसेलची स्प्रिंग गंजली म्हणून. मिटणारी वस्तू मात्र मधल्या काळात वहीत नाही.

ती पुन्हा आली २००६ साली. 'गेम, दुमडणारा, दोन स्क्रीन. वरचा बंद.' ही नोंद माझ्या अक्षरात आहे. तो आणणारा मुलगा मुलुंडच्या कॉलेजात होता, रोज डोंबिवलीहून यायचा. गाडीतल्या चेंगराचेंगरीत हातून पडून बिजागरी दुखावली होती. ते होतं निन्तेंदो डीएस. २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आणि डिसेंबरात जपानमध्ये निघालेलं. दोन पडदे हवेत, हा आग्रह कंपनीचे जुने अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा होता. योकोई तोवर हयात नव्हता, १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. पण मी ते यंत्र उघडून ठेवलं आणि बाबांना हाक मारली. ऐंशीच्या घरातले बाबा चष्मा पुसत आले, बिजागरीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, हे त्या नारिंगीचंच पोर."

त्या दुरुस्तीने मला नवी विद्या दिली. खालच्या पाटीतून वरच्या पडद्याला जाणारी तारांची पातळ पट्टी बिजागरीच्या नळीतून गुंडाळी करून ओवलेली असते. प्रत्येक उघडझापीला ती थोडी पिळली जाते. ती बदलायची तर पट्टीची सुरळी भिंगाखाली करावी लागते, केशकमान बसवताना रोखावा लागतो तसा श्वास रोखून. दोनदा फाटली, तिसऱ्यांदा बसली. ज्या बोटांना केशकमानीची सवय होती त्यांना ते जमलं; मोबाइल दुरुस्तीवाल्या दोन दुकानांनी त्या मुलाला परत पाठवलं होतं. पुढची सहा-सात वर्षं माझ्याकडे ठाणे, कल्याण, डोंबिवली, अगदी बदलापूरहूनही डीएस येत राहिले. जगभर या यंत्राचे १५ कोटी ४० लाख नग खपले. आपल्याकडे ते आधीसारखेच बॅगांतून आले, आता आखाताऐवजी सिंगापूर आणि न्यू जर्सीहून. लॅमिंग्टन रोडला त्याच्यासोबत 'आर फोर' नावाचं कार्ड मिळे, नखाएवढ्या मेमरीकार्डात पन्नास गेम भरून. टोकियोच्या न्यायालयाने २००९ साली अशा कार्डांच्या विक्रीवर बंदी घातली. मी स्वतः कुणाला गेम भरून दिले नाहीत आणि आजही देत नाही. ज्याचं दुकान चालू आहे त्याचा माल उचलायचा नाही, हे मला घरातून मिळालंय.

डीएसचे दोन पडदे प्रत्येकी २५६ बाय १९२ ठिपक्यांचे, खालचा स्पर्शाचा. त्यावर खेळ लिहिणाऱ्यांतल्या चांगल्या लोकांना बिजागरी कळली होती. २००६ च्या 'योशीज आयलंड डीएस'मध्ये दोन पडद्यांच्या मधली फट ही खरी जागा धरली आहे. उडालेली वस्तू तिथून जाताना दिसत नाही. पुष्कळांना त्याचा राग येतो. मला तो खेळ हातात आला तेव्हा गॅलरीतलं ऊन आणि 'एक, दोन, आता' आठवलं. आणि २००७ च्या 'झेल्दा : फँटम अवरग्लास'मध्ये एक जागा अशी आहे की वरच्या पडद्यावर शिक्का दिसतो, खालच्या पडद्यावर सागराचा नकाशा, आणि शिक्का नकाशावर उमटवायला सांगतात. बटणं दाबून, पडद्यावर घासून काही होत नाही. यंत्र मिटायचं. वरचा पडदा खालच्यावर टेकतो, उघडलं की शिक्का उठलेला. ज्या मुलाने मला हे दाखवलं त्याच्यासमोर मी ते तीनदा मिटून उघडून पाहिलं. बिजागरीला खेळात इतका मान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

म्हणून पुढे जे झालं त्याचं मला वाईट वाटलं. डीएस जुना झाला, २०११ साली त्याचा वारस थ्रीडीएस आला, २०२० साली त्याचंही उत्पादन थांबलं. गेम संगणकावर, मोबाइलवर चालवायची सॉफ्टवेअरं निघाली, डेस्म्यूमी, मेलनडीएस, ड्रास्टिक. यांना एम्युलेटर म्हणतात : एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग इतकं चोख वठवायचं की जुन्या गेमला फरक कळू नये. लिहिणाऱ्यांची कारागिरी थक्क करणारी आहे. पण मोबाइलला पडदा एक. दोन चित्रं एकाखाली एक चिकटवली की मधली फट नाहीशी होते. म्हणून सेटिंगमध्ये 'फट किती ठेवू' असं विचारावं लागतं. यंत्र मिटायचं तर मेनूत 'झाकण मिटा' अशी आज्ञा शोधावी लागते. नकाशावर शिक्का उठतो, पण हातात काहीच घडत नाही.

तरी ही सोंगं हवीतच, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली; २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्याने विकत मिळत नव्हते. पुस्तक बाजारातून उठलं तर वाचनालय असतं. आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून ते काम करतंय. गेमचं कपाट कोण सांभाळणार? कंपन्यांचा धाक असतोच. थ्रीडीएसचं सोंग वठवणारं सित्रा मार्च २०२४ मध्ये बंद झालं, त्याच लोकांच्या युझूवर निन्तेंदोने भरलेल्या खटल्यातल्या २४ लाख डॉलरांच्या तडजोडीनंतर. युझू चालू बाजारातल्या यंत्राची नक्कल करत होतं, तिथे कंपनीचं गाऱ्हाणं मला समजतं. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या नारिंगी डबीवर आता कुणाचं पोट आहे?

ती डबी वाचवायला लोकांनी काय केलं, तेही सांगते. 'माम' नावाचा प्रकल्प १९९७ पासून जुन्या गेमांची अशी सोंगं जमवतोय. डी. के. ५२ च्या चिपमधला कार्यक्रम बाहेर काढणं सोपं नव्हतं. म्हणून एक चिप आम्लात टाकून तिचं कवच विरघळवलं, उघड्या पडलेल्या सिलिकॉनचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि ठिपका आहे की नाही हे बघत एकेक अक्षर वाचलं. सगळा खेळ, घड्याळ आणि गजर धरून, पावणेतीन हजार बाइट. मग काच सुटी केली, तिची झिलई काढून स्कॅन केली आणि प्रत्येक मारिओची कड हाताने गिरवली. एका डबीचा जीव गेला, तेव्हा खेळ वाचला. मी हे वाचलं त्या रात्री खणातली डबी काढून तिचे सेल बदलले. मुदत संपायला अजून अवकाश होता, तरी बदलले.

सध्या नौपाड्यात इमारतींच्या पुनर्विकासाची धामधूम आहे. भास्कर कॉलनी, बी केबिन, विष्णुनगर, जिकडे बघावं तिकडे हिरवी जाळी. इमारत रिकामी करायची तारीख ठरली की माळे उतरतात. तांब्याचा बंब भंगारात जातो, फोटो मुलं मोबाइलमध्ये काढून घेतात, आणि तळाच्या खोक्यातून माझ्याकडे वस्तू येते. "ताई, हे घड्याळ आहे का बघा जरा." दोन वर्षांत अशा तीन डब्या आल्या. एकीत चाळीस वर्षांपूर्वीचे सेल फुटून पाटी खाल्ली गेली होती, ती गेलीच. दुसरी चालू झाली तेव्हा गजर वाजला, सत्तरीचे गृहस्थ काउंटरला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हा आमच्या नानाचा." मी पुढे काही विचारलं नाही.

यंदा हिवाळ्यात भाऊ न्यू जर्सीहून आला, भाच्याला घेऊन. पोरगं सोळा वर्षांचं. दुकानात येऊन त्याने खिशातून एक दुमडलेली वस्तू काढली. "आत्या, हे तुला दाखवायला आणलंय." अ‍ॅनबर्निकचं आरजी डीएस. अशी यंत्रं आता बरीच निघाली आहेत, अयानिओचं फ्लिप डीएस, एवायएनचं थॉर. जुन्या गेमांची सोंगं चालवता येणारी आणि पुन्हा दोन पडद्यांची. इतकी वर्षं एकाच पडद्यात कोंबून झाल्यावर लोकांना परत बिजागरी हवीशी झाली, यात मला फार समाधान आहे. मी आधी पडदे बघितलेच नाहीत. मिटून, उघडून बिजागरीला कान लावला. मग भिंग घेतलं. पडदे चार इंची, ६४० बाय ४८० ठिपके. कागदावर भागाकार केला : डीएसच्या २५६ बाय १९२ ला अडीचने गुणलं की नेमके तेवढेच. मापं घेऊन शिवलेलं होतं. भाच्याने योशी लावला. वस्तू वर उडाली, फटीत गेली, आणि मी मोठ्याने मोजलं. भाऊ स्टुलावर बसला होता, तो 'आता' म्हणाला.

मग मी खणातून नारिंगी डबी काढली. भाच्याच्या यंत्रात आम्ही मामवर डी. के. ५२ सुरू केला. मामने दोन्ही काचा एकाच चित्रात एकाखाली एक मांडल्या, त्यामुळे सगळा खेळ वरच्या पडद्यावर आला आणि खालचा पडदा काळा राहिला. भाचा सेटिंग चाळत बसला. वरचं वर, खालचं खाली कसं न्यायचं ते काही त्याला सापडेना. मी म्हटलं, असू दे, आधी वेळ लाव. कारण वेळ लावल्याशिवाय वस्तू ताब्यात द्यायची नाही, हा दुकानाचा नियम. दोन्हींत रात्रीचे पावणेनऊ लावले. दोन्हींत आकड्यांमधला ठिपका एकाच तालावर मिचकू लागला. ती तांदळाच्या दाण्याएवढी नळी त्यांनी सोंगातही बसवली आहे, कंपनं ३२,७६८, एकही कमी नाही.

दोन्ही यंत्रं मिटून शेजारी-शेजारी ठेवली आणि शटर ओढलं.

सकाळी भाचा माझ्याआधी दुकानापाशी उभा होता. नारिंगी डबी उघडली, सव्वादहा. भिंतीवरच्या घड्याळातही सव्वादहा. त्याचं यंत्र उघडलं, पडदा उजळला : पावणेनऊ. झाकण मिटल्यावर ते झोपलं होतं, आणि त्याच्याबरोबर आतला स्फटिकही.

"आत्या, हे मागे का राहिलं?" त्याने विचारलं. मी त्याला स्टुलावर बसवलं, पेचकस दिला आणि नारिंगी डबीच्या पाठीचे स्क्रू कसे सोडवायचे ते सांगू लागले.